बाबूसिंगाच्या घरची तलवार

डिपटी साहेबांच्या घोडीला दोन ते तीस पाढे येत होते. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. पोरगं सतराच्या पाढ्यात अडखळलं की ती हरभऱ्याच्या तोबऱ्यातून तोंड बाहेर काढायची आणि साहेबांकडं पाहायची. साहेब लगेच त्या पोराच्या नावापुढं फुली मारायचे. मी स्वतः पाहिलं आहे. पाहणाऱ्यांपैकी आज मी एकटाच उरलो आहे, तेव्हा तुम्हांला ते मानावंच लागेल.

आमचं गाव इंझोरीहून तीन कोसांवर. शाळा इंग्रजांच्या अमदानीतली, मराठी, चार वर्गांची आणि एका मास्तराची. वऱ्हाड तेव्हा कागदावर निजामाचं होतं आणि राज्य इंग्रज करत होते. छडी मात्र नानाजी मास्तरांची होती. ती निरगुडीची असायची, इतकी ओली की एका श्रावणात तिला पालवी फुटली, आणि तो सबंध महिना मास्तरांनी आम्हांला पानांसकट मारलं.

चौथीची परीक्षा घ्यायला डिपटी साहेब यायचे. शाळेतल्या एका पोराला सरकारी वजिफा मिळायचा, म्हणजे आता ज्याला शिष्यवृत्ती म्हणतात ती. ज्याला वजिफा, तो वाशीमच्या मिडल शाळेत, तिथल्या बोर्डिंगात. ज्याला नाही, तो गुरांमागं. मधली वाट नव्हती.

त्या वर्षी, म्हणजे चव्वेचाळीस साली, वजिफ्यावर डोळा ठेवून दोघं बसलो होतो. एक मी, शेषराव. दुसरा बाबूसिंग.

बाबूसिंग ओढ्यापलीकडच्या तांड्याचा, लमाणाचा म्हणजे बंजाऱ्याचा पोरगा. गणितात तो असा होता की मास्तर सोमवारी जे उदाहरण घालणार, त्याचं उत्तर तो रविवारी सांगून ठेवायचा. पण मराठीत लंगडा. घरी त्यांची गोरमाटी बोली. एकदा ‘आई’ या विषयावर निबंध लिहायचा होता, तर यानं पानभर ‘याडी’ लिहिलं; त्यांच्यात आईला याडी म्हणतात. मास्तरांनी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. वर्ग दोन दिवस हसला. मी तिसऱ्या दिवशीही हसत होतो. बाबूसिंगाला वाटलं, मी त्याच्या बाजूनं हसतोय. तेव्हापासून तो मला दोस्त म्हणू लागला आणि घरातलं सारं सांगू लागला.

परीक्षेला आठ दिवस होते. मास्तर पोलीस पाटलांशी ओसरीवर बोलत होते आणि मी खांबामागं होतो. मास्तर म्हणाले, "यंदा नवीन हुकूम आला आहे. मागास जातीचं पोरगं पास झालं, तर वजिफा त्यालेच द्यायचा. नसलं तरच पहिल्या नंबरावाल्याले. आता आपला बाबूसिंग काही नापास होत नाही."

"म्हणजे शेषराव गेला," पाटील म्हणाले.

"गेला. फक्त बाबूसिंगाच्या नावापुढचा जातीचा रकाना कोरा राह्यला हाये. साहेब यायच्या आत भरून घेतो. त्याच्या बापाले बलावतो उद्या."

दुसऱ्या दिवशी गोविंदसिंगाला बोलवायला मास्तरांनी कोणाला पाठवलं असेल? वर्गात सगळ्यांत शहाण्या पोराला.

गोविंदसिंग, बाबूसिंगाचा बाप, तांड्यावर पळसाखाली बसून दोरासाठी वाख वळत होता. अंगानं एवढा मोठा माणूस, की तो खाली बसला तरी उभा आहे असं वाटायचं. मी म्हणालो, "काकाजी, मास्तरानं बलावलं तुमाले."

"काहून? बाब्यानं काही केलं काय?"

"नाई. रजिस्टरात जात लिवाची हाय."

"मंग लिव म्हना. लमाण. साऱ्या मुलखाले ठाऊक हाय."

"लिवतीन. पर मंग ते नाव ठाण्यात जाते."

त्याच्या हातातला पीळ थांबला.

"कोनं सांगतलं?"

"मास्तर पाटलाले सांगत होते. मोगलाईत जसं हाय तसंच अठी येऊन राह्यलं. लमाण लिवला का ठाण्यात सांज-सकाळ हजेरी. पोट्ट्याचीबी अन् बापाचीबी."

हे मी काही वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. गोविंदसिंगाचा थोरला भाऊ पैनगंगेपल्याड, निजामाच्या मोगलाईत राहायचा. तिथं पोलिसांनी सबंध तांड्याची नावं वहीत घातली होती. जन्मला की गुन्हेगार, असा कायदाच होता. सकाळी हजेरी, संध्याकाळी हजेरी. एका सकाळी ताप होता म्हणून भाऊ गेला नाही, तर शिपायांनी त्याला खाटेसकट उचलून नेलं. चार दिवसांनी खाट तेवढी परत आली. हे मला बाबूसिंगानंच सांगितलं होतं, ओढ्यात पाय सोडून, कोणाला सांगू नको म्हणून.

गोविंदसिंगानं वाख खाली ठेवला. "मंग काय लिवाव?" त्यानं मला, दहा वर्षांच्या पोराला, विचारलं.

"तुमी राठोड ना? राठोड तं रजपुतातबी असते."

शाळेत मास्तरांनी दौत उघडली आणि विचारलं, "जात?"

"रजपूत."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "अरे गोविंदा, लमाण ना तू? नीट सांग. पोराच्या भल्याचं हाय."

भल्याचं आहे म्हटल्यावर तर तो आणखीच घाबरला. ज्याला खाट परत मिळाली आहे, त्याला सरकारी वहीतलं भलं समजावणं कठीण. तो म्हणाला, "रजपूत लिवा मास्तर. मी बाप हावो. मले ठाऊक नाई का?"

मास्तरांनी लिहिलं आणि शेजारी अंगठा घेतला. बाबूसिंग पाटी छातीशी धरून दारात उभा होता. बाप मास्तरांपुढं मान वर करून बोलतो आहे हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्याचं तोंड आनंदानं फुललं.

परीक्षेत मी दोन मार्कांनी पहिला आलो. ते दोन मार्क मराठीचे होते. वाशीमला जाताना माझी पत्र्याची पेटी बाबूसिंगानं डोक्यावरून सडकेपर्यंत आणली. बैलांच्या दमणीत पेटी ठेवून तो म्हणाला, "शेश्या, मिडलचं गनित मले लिवून पाठवजो लेका." मी हो म्हणालो. नंतर पत्ता सापडला नाही. ओढा ओलांडला की तांडा, एवढाच पत्ता होता.

पुढं मी मास्तर झालो, मुख्याध्यापक झालो, आणि शेवटची सहा वर्षं याच शाळेत खुर्चीवर बसलो. ते जुनं दाखल-खारीज रजिस्टर माझ्याच कपाटात होतं. त्या वर्षांत वाळवीनं कपाट खाल्लं, नकाशे खाल्ले, एका शिपायाच्या वहाणाही खाल्ल्या. रजिस्टराचीही निम्मी पानं गेली. बाबूसिंगाची ओळ मात्र तशीच, काल लिहिल्यासारखी. मी ते पान उघडून दोन दिवस कपाटाच्या तळाला ठेवून पाहिलं. वाळवी शेजारून गेली.

बाबूसिंगानं जन्मभर सडकेची खडी फोडली. पुढं त्याची पोरं ऊसतोडीला जाऊ लागली. पण पाहुणा आला की तो सांगायचाच, "आमच्या घरचा मी एकला शाळेत गेलो. चौथी पास. शेषराव गुरुजीच्या बरोबरीनं." होळीला तांड्याची माणसं गाणी म्हणत गावात यायची, ती आधी माझ्या दारात थांबायची. बाबूसिंग पुढं उभा राहून मला रंग लावायचा. नऊ वर्षांपूर्वी तो गेला. त्याच्या तेराव्याला मी जे बोललो, त्यानं दगडही रडले. ओट्यावरचा एक दगड अजून ओलसर आहे.

मी बोलतो बरा. ते गावाला ठाऊक आहे. संध्याकाळी पारावर मी बसलो की ट्रॅक्टर बंद होतात. शाळेत माझा फोटो लावला आहे आणि खाली लिहिलं आहे, ‘या शाळेचे पहिले वजिफाधारक’. पहिले हा शब्द मीच रंगवून घेतला. माझ्या आधी अकरा जण झाले होते, पण ते मेलेले होते.

आता यंदाची गोष्ट.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात बाबूसिंगाची नातसून संगीता आणि तिची पोरगी मंजू माझ्या अंगणात आल्या. मंजू आमच्याच मराठी शाळेतली. तिला जनावरांच्या डॉक्टरकीला सरकारी कॉलेजात जागा मिळाली होती. तांड्यावरून असं कॉलेज पाहणारी ती पहिली. ती म्हशीच्या पोटाला कान लावून वासरू कुठल्या कुशीवर झोपलं आहे ते सांगते, असं लोक म्हणतात. हे मी बनवलेलं नाही. म्हणजे, अर्धंच बनवलं आहे.

माझी सून ललिता चहा घेऊन आली. संगीता पदर सावरून म्हणाली, "गुरुजी, पोरीचं काम अडून राह्यलं. तुमच्याबिगर होत नाई."

"काय झालं?"

मंजूनं पिशवीतून कागद काढला. "आबाजी, जातीचा दाखला हाय माया. त्याच्यावरच जागा भेटली अन् त्याच्यावरच शिष्यवृत्ती. पर त्या दाखल्याची पडताळणी लागते. आमच्या घरात आधी कोनंच केली नाई. त्याच्यासाठी एकसष्ट सालाच्या आधीचा पुरावा मागते. आमच्या घरात तसा एकच कागद निंगाला."

मी चष्मा लावला. लावायची गरज नव्हती. शाळेच्या रजिस्टराची नक्कल होती. बाबूसिंग गोविंदसिंग राठोड. जात, रजपूत.

"तांडा पाहून कोनीबी सांगन का आमी बंजारे हाओ," मंजू म्हणाली. "पर हापिसातले म्हंते, तुमच्या पणजोबाच्या बापानं सोता अंगठा देऊन रजपूत सांगतलं. पणजोबा शाळेतच गेला नसता तं बरं झालं असतं, म्हंते. कागदच नसता तं चौकशीवर भागलं असतं."

ती हे सांगताना हसली. तिला ते खरंच गमतीचं वाटलं असावं.

संगीता हसली नाही. "त्याइची मानसं गावात येऊन राह्यली चौकशीले. म्हंते, तसं काहून लिवलं, ते सांगनारा एखांदा जिता मानूस दाखवा. त्या वर्गातले तुमीच जिते हा गुरुजी. दिवाळीपर्यंतची मुदत हाय. नाई तं जागा दुसऱ्याले देतीन."

"येऊ द्या," मी म्हणालो. "मी सांगतो त्याइले."

"खरं ना आबाजी?"

"तुया पणजोबा माया दोस्त होता पोरी."

त्या गेल्या. ललितानं कप उचलले आणि दारातून म्हणाली, "मामाजी, खरं असन तेवढंच सांगजा. सजवू नका."

"मी कवा सजवतो?"

"घोडीले पाढे येत नसते," ती म्हणाली आणि आत गेली.

माझी सून मुळातच कोरडी.

चौकशीचे साहेब गुरुवारी आले. पोलीस खात्यातले इन्स्पेक्टर होते, साध्या कपड्यात, आणि सोबत लॅपटॉप घेतलेला एक लिहिणारा. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं. अंगणातल्या निंबाखाली एका बाजूला तांडा बसला, दुसऱ्या बाजूला गाव. सरपंच देवानंद त्याच सकाळी वाशीमहून एक पाटी रंगवून घेऊन आला होता. पेपरात गुंडाळून ती भिंतीला टेकवून ठेवलेली. सव्वीस जानेवारीला ती लागायची होती. शेषराव गुरुजी वाचनालय. पेपर एका कोपऱ्यात फाटला होता आणि त्यातून माझ्या नावाचा ‘शे’ दिसत होता.

साहेबांनी आधी बाबूसिंगाच्या सुनेला, रुपाबाईला, पुढं बोलावलं. ती मंजूची आजी. लग्नात काय करता, देव कोणते, मेलेल्याला जाळता की पुरता. म्हातारीनं सगळं सांगितलं आणि न सांगता एक गाणंही म्हटलं, गोरमाटीत. साहेबांनी मान डोलावली.

मग ते माझ्याकडं वळले. "गुरुजी, तांडा बंजाऱ्यांचाच आहे, हे मला दिसतं आहे. माझी अडचण एवढीच की सख्खा बाप पोराची जात वेगळी का सांगेल? त्याला कोणाची भीती होती का, कोणी काही सांगितलं होतं का? तेवढं एक वाक्य मला मिळालं की पोरीचं काम झालं. तुम्ही तेव्हा वर्गात होता ना?"

"होतो."

"मग सांगा."

एक वाक्य. ते माझ्या जिभेवर होतं. मीच त्याला भिववलं, वजिफ्यासाठी. मोजले तर चार शब्द. मंजू निंबाला टेकून उभी होती आणि माझ्या तोंडाकडं अशी पाहत होती, जशी पोरं निकालाच्या दिवशी फळ्याकडं पाहतात.

पण समोर दीडशे माणसं बसली होती. आणि दीडशे माणसं बसली की मला नुसतं वाक्य बोलता येत नाही. मी म्हणालो, "साहेब, आधी डिपटी साहेबाच्या घोडीचं सांगावं लागेल."

लोक हसले. साहेबही हसले. मी घोडी सांगितली, छडीची पालवी सांगितली. लिहिणाऱ्याची बोटं थांबली आणि तो ऐकू लागला. साहेबांनी खुर्ची जरा मागं केली. रंग असा चढला की विचारू नका.

"बरं," साहेब म्हणाले, "मग त्या गोविंदसिंगानं रजपूत का सांगितलं?"

आणि मी म्हणालो, "कारण त्याच्या घरी तलवार होती."

ती कुठून आली, मला माहीत नाही. पण आली ती पाजळूनच आली. गोविंदसिंग दौतीपुढं उभा राहिला तेव्हा त्याच्या कमरेला ती होती, असं मी सांगितलं. मूठ चांदीची, पातं एवढं लांब की टोक अजून तांड्यावरच होतं. मास्तरांनी जात विचारली तेव्हा त्यानं उत्तर दिलं नाही, तलवार निम्मी बाहेर काढली, आणि वर्गात एवढा उजेड झाला की माझ्या पाटीवरची अक्षरं पुसली गेली. त्याचे वाडवडील मारवाडातून निघाले तेव्हा सोबत सातशे बैल होते आणि प्रत्येक बैलामागं एक स्वार. गाव पुढं सरकून बसलं. तांडाही. रुपाबाईनं हळूहळू पाठ ताठ केली. जन्मभर वाकून ऊस तोडलेली बाई, तिची पाठ सरळ होते हे मी त्या दिवशी पाहिलं.

"आबाजी," मंजू मधेच म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "गोष्ट नोका सांगू. खरं सांगा."

"बोलू दे वो त्याइले," रुपाबाई म्हणाली. "आमच्याबद्दल कोन बोलते असं."

साहेब पुढं झुकले. आता ते हसत नव्हते. "तलवार तुम्ही पाहिली?"

"हातात धरली."

"म्हणजे तो सांगत होता ते भीतीनं नव्हे. खरंच होतं म्हणून."

इथं अजून दार उघडं होतं. मी सांगू शकत होतो की तलवार नव्हती, खाट होती. भिंतीपाशी वारा आला आणि पाटीवरचा पेपर आणखी फाटला. ‘शेष’ दिसू लागलं.

"साहेब," मी म्हणालो, "तो मानूस कोनाले भेत नव्हता."

लिहिणाऱ्याची बोटं पुन्हा चालू झाली. जबाब छापून निघाला आणि मी खाली सही केली. एक्क्याण्णवाव्या वर्षी माझी सही अजून कापत नाही. साहेबांनी तसं बोलूनही दाखवलं.

 त्या संध्याकाळी ललितानं भाकरीचं ताट समोर ठेवलं, आणि मी जेवत असताना माझ्याकडं पाहत बसली. मी म्हणालो, "काय पायते?" ती म्हणाली, "काही नाई. चौथीत असताना तुमी कसे दिसत असान, ते पायतो."

दिवाळी झाली. ऊसतोडीच्या मुकादमाचा ट्रक तांड्यावर लागला त्या सकाळी मंजू माझ्या अंगणात आली. एकटी होती. डोक्याला रुमाल, अंगात बापाचा जुना शर्ट, एका हातात कागद आणि दुसऱ्यात पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"निकाल आला आबाजी. वाचून दाखवू?"

"कायले वाचतं?"

"तुमाले आयकायले आवडते ना." ती ओट्याच्या पायरीवर उभी राहिली आणि वाचू लागली. शुद्ध मराठी, एक मात्रा इकडची तिकडं नाही. आमच्या शाळेचं वळण. "‘साक्षीदार हे निवृत्त मुख्याध्यापक असून सदर शाळेचे पहिले शिष्यवृत्तीधारक आहेत. गावात त्यांना मान आहे. त्यांनी दिलेल्या प्रत्यक्षदर्शी माहितीवरून अर्जदाराच्या पूर्वजांनी केलेली नोंद जाणीवपूर्वक व खरी असल्याचे दिसून येते. सबब दावा अमान्य करण्यात येत आहे.’"

तिनं कागदाची घडी घातली.

"नागपूरले, हायकोर्टात जाता येते म्हणते," मी म्हणालो.

"जागा गेली. परवाच दुसऱ्या पोराले देली." मग ती एक पायरी वर आली. "आता कोनाचंच काही बिघडत नाई. एक डाव खरं सांगा. त्यानं तसं काहून सांगतलं?"

अंगणात आम्ही दोघंच होतो. ऐकणारं एकच माणूस. आणि एका माणसापुढं खरं बोलायला काय लागतं?

"नानाजी मास्तरानं मनानंच लिवलं असन," मी म्हणालो. "तो दारू पेत होता."

मास्तरांनी आयुष्यात ताकसुद्धा आंबट घेतलं नव्हतं.

"अन् अंगठा?"

"तोबी त्यानंच लावला असन."

मंजूनं मान हलवली. हो म्हणून नव्हे, नाही म्हणूनही नव्हे. गणिताचं उत्तर आधीच ठाऊक असलेलं पोर फळ्यावरची चूक पाहून जशी हलवतं, तशी. हे तिच्या पणजोबाकडून आलेलं होतं. तोही असाच हलवायचा.

"आजीनं निरोप धाडला तुमाले," ती म्हणाली. "म्हणे, गुरुजीचं भलं होवो. तांड्यावर पोट्टे लाकडाच्या तलवारी करून खेळून राह्यले. आजी रोज तुमची गोष्ट सांगते त्याइले. मी सांगतलं तिले का याच गोष्टीनं जागा गेली. तं म्हणे, जागा काय, येते जाते, आपन कोन होतो ते तं समजलं."

"बुढी समजदार हाय," मी म्हणालो.

"हाय." तिनं हातातलं पोतं सोडलं. "तुमी म्हटलं होतं ना, आमच्या घरी तलवार हाय. हातात धरली म्हणे तुमी. घ्या, धरून पाहा बरं."

नवा कोयता होता. पात्याला अजून लोहाराच्या तेलाचा वास येत होता. तिनं मूठ माझ्याकडं केली होती, पातं स्वतःकडं, आमच्या शाळेत कात्री द्यायला शिकवतात तशी. मी हात पुढं केला नाही.

"जड नाई आबाजी. सा महिने धरायची हाय मले."

ओढ्यापलीकडून ट्रकचा हॉर्न वाजला. तिनं कोयता पुन्हा गुंडाळला, निकालाचा कागद ओट्यावर ठेवला आणि त्यावर उडू नये म्हणून एक खडा ठेवला. जाताना माझ्या पाया पडली. ते तिनं का केलं, मला अजून कळलं नाही. सवय असेल. ललिता मागच्या दारातून धावत गेली आणि तिच्या हातात भाकरीचं फडकं दिलं. दोघी काही बोलल्या. मला ऐकू आलं नाही, आणि मला लांबचंही ऐकू येतं.

सव्वीस जानेवारीला पाटी लागली. देवानंदनं दोरी माझ्याच हातात दिली. पेपर गळून पडला आणि माझं सबंध नाव उन्हात आलं. रंग झकास होता. टाळ्या पडल्या. मग शाळेतल्या नव्या बाई माइकवर म्हणाल्या की आता गुरुजी मुलांना आपल्या शाळेतली तलवारीची सत्यकथा सांगतील.

मी घोडीपासून सुरुवात केली. या खेपेस तिला वर्गमूळही येत होतं. तलवारीचं टोक या वेळी तांड्यावर नव्हतं, पार पैनगंगेपल्याड गेलं होतं. पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती. पहिल्या तीन रांगा गच्च होत्या. मागच्या दोन रांगा तांड्याच्या पोरांच्या. त्या मोकळ्या होत्या, पोरं आईबापांसोबत उसाच्या फडात गेलेली. त्यामुळं गोष्ट सांगताना मधेच कोणी काही विचारलं नाही.